मॅकवर विंडोजचे खेळ आणि सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅकवर विंडोज कसं टाकायचं?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : नेमकं काय चालवायचं आहे? बहुतेकांना विंडोज नकोच असतं. हवा असतो एखादा खेळ, हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर, किंवा ऑफिसातली मॅक्रो भरलेली एक एक्सेल फाइल. त्या एका गोष्टीचं नाव आणि तुमच्या मॅकची चिप, एवढं कळलं की वाट जवळजवळ आपोआप ठरते. म्हणून खालचे प्रश्न वाचताना तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव डोक्यात ठेवा.

‘.ईएक्सई’ फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती उघडत का नाही?

याची कारणं एकावर एक रचलेली आहेत. सगळ्यात वरचं कारण फाइलच्या मांडणीचं. विंडोजचे प्रोग्रॅम एका प्रकारे बांधलेले असतात, मॅकचे वेगळ्या प्रकारे, त्यामुळे मॅकला ती फाइल प्रोग्रॅम म्हणून ओळखताच येत नाही. पण समजा ओळखली, तरी पुढे अडतं. कुठलाही प्रोग्रॅम पावलोपावली ऑपरेटिंग सिस्टिमकडे काहीतरी मागत असतो : इथे एक खिडकी उघड, ती फाइल वाचून दे, डायरेक्टएक्स वापरून हे चित्र काढ. हे सगळं तो विंडोजच्या भाषेत मागतो आणि मॅकवर त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या एम मालिकेच्या मॅकमध्ये तिसरी अडचण वाढली. विंडोजचे बहुतेक प्रोग्रॅम इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले असतात आणि या चिपा आर्म जातीच्या आहेत. म्हणजे प्रोसेसरची भाषासुद्धा वेगळी.

पुढे जेवढे उपाय येतील ते सगळे याच अडचणींवरचे आहेत. एक, मॅकच्या घरातच एका खोलीत विंडोजचं वेगळं बिऱ्हाड थाटायचं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दोन, विंडोज न आणता फक्त दुभाषी बसवायचा. ते काम वाइन करतं. तीन, प्रोग्रॅम दुसऱ्याच कॉम्प्युटरवर चालवायचा आणि आपल्याकडे फक्त त्याचं चित्र पाहायचं.

माझ्या मॅकमध्ये कोणती चिप आहे?

डावीकडे वर सफरचंदावर क्लिक करा आणि ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. ‘चिप’समोर एम१, एम२ असं काही दिसलं तर ॲपल सिलिकॉन, म्हणजे एम मालिका. ‘प्रोसेसर’समोर इंटेल दिसलं तर इंटेल.

मॅकसाठीच आवृत्ती असेल तर?

तर बाकी काहीच करू नका, तीच वापरा. वेग, बॅटरी, अपडेट या तिन्ही बाबतींत ती सरस असते. हे इतकं उघड असूनही लोक हा शोध घेत नाहीत. ‘मॅकवर खेळ नसतात’ हे आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज २०२२ मध्ये मॅकवर आला, नो मॅन्स स्काय आणि बाल्डर्स गेट ३ हे २०२३ मध्ये, सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या पानावर सफरचंदाचं चिन्ह असतं, तेवढं पाहायचं. एकदा स्टीमवर विकत घेतलेला खेळ मॅकसाठी उपलब्ध असेल तर तो सहसा वेगळा घ्यावा लागत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडं वेगळं आहे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट मॅकवर आहेत. ॲक्सेस नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप नाही. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड मॅकसाठी आहे, पण विंडोजच्या ऑटोकॅडमधली प्रत्येक सोय त्यात नाही. फसगत होते ती एक्सेलमध्ये. फाइल मॅकवर व्यवस्थित उघडते, आकडे दिसतात, आणि मग ॲक्टिव्हएक्सचं (हे फक्त विंडोजवर चालणारं तंत्र) बटण असलेल्या शीटवर बटण दाबलं की काहीच होत नाही. अशा फाइलसाठी विंडोजचं एक्सेलच लागतं.

बूट कॅम्प अजून वापरता येतं का?

फक्त इंटेल मॅकवर. बूट कॅम्प म्हणजे डिस्कचा एक भाग विंडोजला देऊन टाकायचा आणि कॉम्प्युटर सुरू करताना ऑप्शन की दाबून ठेवून कुठलं उघडायचं ते निवडायचं. एका वेळी एकच सिस्टिम चालते, त्यामुळे सगळी ताकद विंडोजला मिळते. इंटेल मॅकवर खेळांसाठी याहून चांगला मार्ग नव्हता आणि आजही नाही.

पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. बूट कॅम्पमध्ये ॲपलने अधिकृत आधार दिला तो विंडोज १० पर्यंतच, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या विंडोजवर खेळ खेळा, हरकत नाही. बँकेचे व्यवहार मात्र मॅकच्या बाजूनेच करा.

एम मालिकेच्या मॅकवर मग विंडोज येणारच नाही का?

येतं, व्हर्च्युअल मशीनमधून. मॅक चालूच राहतो आणि विंडोज एका खिडकीत चालतं, बाकीच्या ॲपसारखं. त्यासाठी विंडोजची आर्म आवृत्ती लागते. ती कुठली सॉफ्टवेअर वापरून चालवायची, याचे मुख्य पर्याय असे आहेत.

पॅरलल्स डेस्कटॉप सगळ्यात सोपं आहे. ते विंडोज स्वतःच उतरवून घेतं, ड्रायव्हर स्वतःच बसवतं, आणि विंडोजचा एखादा प्रोग्रॅम मॅकच्या डॉकमध्ये आणून ठेवतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एम१ आणि एम२ च्या मॅकवर विंडोज ११ आर्म चालवण्यासाठी याला अधिकृत मान्यता दिली. ते विकत घ्यावं लागतं. रोज विंडोजमध्ये काम असेल तर पैसे वसूल होतात, असं माझं स्वच्छ मत आहे. वेळ वाचतो आणि अपडेटनंतर डोकं धरून बसावं लागत नाही.

व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे, व्यवसायासाठीसुद्धा. मांडणी थोडी हाताने करावी लागते. महिन्यातून चारदा एक सॉफ्टवेअर उघडायचं असेल तर मी हेच सुचवतो.

यूटीएम मोफत आणि मुक्त आहे. कागदपत्रांचं किरकोळ काम त्यात निभतं, पण विंडोजला मॅकच्या ग्राफिक्सचा खरा आधार मिळत नाही, त्यामुळे खेळांसाठी ते नको.

विंडोजचं लायसन्स घ्यावं लागतं का? कुठलं?

हो, ते वेगळं घ्यावं लागतं. पॅरलल्सच्या किमतीत ते धरलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टची मान्यता आहे ती विंडोज ११ च्या प्रो आणि एंटरप्राइज आवृत्त्यांना. लायसन्सशिवाय विंडोज बसतं आणि चालतं, फक्त कोपऱ्यात सूचना दिसत राहते आणि रंगरूप बदलता येत नाही. त्यामुळे आधी बसवा, तुमचं सॉफ्टवेअर चालतंय याची खात्री करा, मग लायसन्स घ्या.

आर्म विंडोजवर साधे विंडोज प्रोग्रॅम चालतात का?

बहुतेक चालतात. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आर्म विंडोज आतल्या आत भाषांतर करून चालवतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्या भाषांतरकाराचं नाव प्रिझम आहे आणि तो आधीच्यापेक्षा वेगवान आहे.

जे चालत नाही ते ड्रायव्हर. हे भाषांतर साध्या प्रोग्रॅमचं होतं. सिस्टिमच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचं होत नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो. जुना स्कॅनर, लेबल छापणारा प्रिंटर, सॉफ्टवेअरबरोबर येणारा यूएसबी डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, काही व्हीपीएन, सगळी अडचण इथे येते.

मी स्वतः एका जुन्या स्कॅनरपायी एक अख्खा दिवस घालवला आहे. स्कॅनरचं सॉफ्टवेअर विनातक्रार बसलं, मुख्य खिडकी उघडली, बटणं दिसली. वायर लावली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनरचं नावही आलं. फक्त नावाशेजारी पिवळा त्रिकोण होता. ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा घातला, दुसरी वायर आणली, दुसरं पोर्ट पाहिलं. संध्याकाळी लक्षात आलं की ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये आर्मची फाइलच नव्हती. ती नसेल तर कितीही वेळा बसवा, त्रिकोण जाणार नाही. तेव्हापासून कुणी असं उपकरण घेऊन आलं की मी पहिल्यांदा बनवणाऱ्याच्या साइटवर ‘आर्म६४’ हा शब्द शोधतो. सापडला नाही तर सरळ दुसरा विंडोज कॉम्प्युटर वापरायला सांगतो.

वाइन म्हणजे काय? त्यात विंडोज लागत नाही, हे कसं?

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या प्रकल्पाबद्दल. १९९३ मध्ये काही लोकांनी ठरवलं की विंडोज प्रोग्रॅम जे जे मागतो त्याची उत्तरं आपणच लिहायची. प्रोग्रॅम म्हणाला ‘खिडकी उघड’, की वाइन ती मागणी पकडतं आणि मॅकच्या पद्धतीने खिडकी उघडून देतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण विंडोजमध्येच आहोत. अशा हजारो मागण्या आहेत, त्यांतल्या कित्येक नीट कागदावर मांडलेल्याही नव्हत्या. वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं, पंधरा वर्षं.

यात विंडोजचं लायसन्स लागत नाही, मेमरीही कमी लागते, कारण पूर्ण दुसरी सिस्टिम चालतच नसते. उणीव एवढीच की दुभाष्याला एखादा शब्द आला नाही तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. त्यामुळे ‘वाइन चांगलं की वाईट’ या प्रश्नाला अर्थ नाही. तुमचा प्रोग्रॅम त्यात चालतो का, हाच प्रश्न.

मॅकवर वाइन थेट वापरणं नवख्याला जड जातं. क्रॉसओव्हर हे त्याचं तयार, विकत मिळणारं रूप आहे. ते बनवणारी कोडवीव्हर्स ही कंपनी वाइनच्या मूळ कामातही मोठा वाटा उचलते, म्हणून तिथे दिलेले पैसे मला सत्कारणी लागल्यासारखे वाटतात. १४ दिवस ते फुकट वापरून पाहता येतं. तेवढ्यात तुमचा खेळ चालतो की नाही हे कळतंच.

क्रॉसओव्हरमध्ये ‘बाटली’ काय असते?

एका प्रोग्रॅमसाठी केलेला वेगळा डबा. बाटलीचं फोल्डर उघडून पाहा : आत ‘ड्राइव्ह_सी’ आणि त्याच्या पोटात ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘विंडोज’, ‘युजर्स’. विंडोज नसलेल्या मॅकवर विंडोजचा अख्खा सांगाडा. प्रोग्रॅम त्यालाच आपली सी ड्राइव्ह समजतो. प्रत्येक मोठ्या खेळाला वेगळी बाटली द्या. एका खेळासाठी केलेला बदल दुसऱ्याला बाधत नाही आणि बिघडलं तर तेवढीच बाटली टाकून नवी करता येते.

बाटलीच्या सेटिंगमध्ये डी३डीमेटल, डीएक्सव्हीके, डीएक्सएमटी असं दिसतं. कुठलं निवडू?

हे ग्राफिक्सचे दुभाषे. विंडोजचे खेळ चित्रं काढायला डायरेक्टएक्स वापरतात, मॅक मेटल वापरतो.

डायरेक्टएक्स १२ चा खेळ असेल तर डी३डीमेटल. हा ॲपलचा आहे, जून २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिटबरोबर आला आणि डायरेक्टएक्स ११ व १२ दोन्हींचं थेट मेटलमध्ये भाषांतर करतो. डायरेक्टएक्स ११ च्या खेळाला डी३डीमेटल आणि डीएक्सएमटी दोन्ही लावून पाहा. जो गुळगुळीत चालेल तो ठेवा. डीएक्सव्हीके आधी व्हल्कन या तिसऱ्याच ग्राफिक्सच्या भाषेत भाषांतर करतं आणि मग दुसरा एक थर त्याचं मेटल करतो. दोन दुभाषे एकामागून एक असूनही काही जुन्या खेळांत त्याचंच जास्त चांगलं जमतं.

बदल केल्यावर लगेच निकाल लावू नका. पहिल्यांदा खेळ उघडला की पडदा काळा राहतो, पंखा असेल तर फिरू लागतो, पहिल्या प्रसंगात चित्र अडखळतं. तेव्हा शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. तोच प्रसंग दुसऱ्यांदा खेळलात की फरक कळतो.

मग गेम पोर्टिंग टूलकिट थेट वापरू का?

ते खेळ बनवणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी आपला विंडोज खेळ मॅकवर कसा दिसेल ते पाहावं आणि मग नीट मॅक आवृत्ती करावी, हा हेतू. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायची तयारी असेल तर जरूर करा. नाहीतर त्याचा महत्त्वाचा भाग क्रॉसओव्हरमध्ये आलेलाच आहे.

जुन्या व्हिडिओत व्हिस्की नावाचं मोफत ॲप सांगतात. ते घेऊ का?

नको. त्याच्या निर्मात्याने २०२५ मध्ये काम थांबवलं. पुढच्या मॅकओएसवर काही तुटलं तर दुरुस्त करायला कुणी नाही.

ऑनलाइन खेळ सुरू होऊन लगेच बंद का पडतो?

चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतं आणि खाली खरंखुरं विंडोज, खराखुरा कॉम्प्युटर आहे ना ते तपासतं. वाइनमध्ये तो गाभाच नाही, आणि व्हर्च्युअल मशीन त्याला मान्य नाही. ही सेटिंगची चूक नाही. ते ‘फसवून’ चालवायचे उपाय शोधू नका, खातं कायमचं बंद होऊ शकतं. खेळ विकत घेण्याआधी त्यात असं संरक्षण आहे का ते पाहा. लीग ऑफ लेजेंड्स मात्र मॅकसाठी स्वतंत्र आहे, तो खुशाल खेळा.

क्लाउडवरून खेळणं कितपत चांगलं?

इंटरनेट चांगलं असेल तर फारच चांगलं, आणि जुन्या मॅकसाठी तर वरदान. जीफोर्स नाऊमध्ये खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं. ७२० पिक्सेल चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि १०८० साठी २५ एमबीपीएस वेग लागतो. तुमच्या मालकीचा खेळ त्यांच्या यादीत असावा लागतो. फोर्टनाइटच्या मॅक आवृत्तीला २०२० मध्ये अपडेट मिळणं थांबलं, तो असा खेळता येतो. एक्सबॉक्सचे खेळ ब्राउझरमधूनही चालतात.

वेगाचा आकडा पाहून मात्र थांबू नका. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर महत्त्वाचा, आणि तो वायफायवर वाढतो. शक्य असेल तर केबल लावा. कोडी, शेती, कथेचे खेळ मजेत चालतात. नेमबाजीत हा उशीर हाताला जाणवतो.

घरात दुसरा विंडोज कॉम्प्युटर असेल तर हेच स्वतःपुरतं करता येतं : त्यावर सनशाइन आणि मॅकवर मूनलाइट, दोन्ही मोफत. ऑफिसच्या कामासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ॲप’ आहे. समोरच्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी.

माझ्या मॅकला ८ जीबी मेमरी आहे. पुरेल?

व्हर्च्युअल मशीनला ओढाताण होईल. विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी. तेवढी दिली की मॅककडे ४ उरतात आणि दोघेही डिस्कवर भार टाकू लागतात. एकच छोटं सॉफ्टवेअर असेल तर बाकी सगळं बंद करून चालवा. १६ जीबी असेल तर विंडोजला ६ ते ८ द्या, त्याहून जास्त देऊ नका. ‘जास्त दिली तर वेग वाढेल’ असं वाटतं, पण मॅकच गुदमरला तर त्याच्या आतलं विंडोज कसं पळणार? डिस्कवर ६४ जीबी जागा मोकळी हवी. वाइनला हे काही लागत नाही, ८ जीबीवर मी आधी तेच करून पाहीन.

पॅरलल्समध्ये मोठे खेळ चालतात का?

डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे चालतात. डायरेक्टएक्स १२ मागणारे चालत नाहीत. त्यासाठी क्रॉसओव्हर.

बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं तर?

इंटेल मॅकवर जमत असे. एम मालिकेवर नाही.

लहानपणीचे जुने खेळ चालतील का?

कित्येकदा नव्या विंडोजपेक्षा मॅकवर सोपे जातात. डॉसचे खेळ डॉसबॉक्समध्ये, टिचकी मारत पुढे जायचे गोष्टींचे खेळ स्कमव्हीएममध्ये. दोन्ही मॅकसाठी मोफत आहेत. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकने स्वतःचे ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, पण क्रॉसओव्हरमध्ये ३२-बिट विंडोज खेळ चालतात. म्हणजे एखाद्या जुन्या खेळाची मॅक आवृत्ती उघडत नाही आणि त्याचीच विंडोज आवृत्ती उघडते, असंही होतं.

विंडोजचा व्हायरस मॅकला लागेल का?

व्हर्च्युअल मशीनमध्ये तो सहसा आतच अडकतो, पण तुम्ही मॅकचं डॉक्युमेंट फोल्डर विंडोजला वाटून दिलं असेल तर तिथल्या फाइल त्याच्या हातात आल्या. म्हणून एकच वेगळं फोल्डर वाटून द्या. वाइनबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. बाटली म्हणजे तिजोरी नव्हे. तिच्यात ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून मॅकची सगळी डिस्क दिसते, आणि आतला प्रोग्रॅम तुमच्या परवानगीने जे उघडता येतं ते सगळं उघडू शकतो. फुकटचे ‘क्रॅक’ बाटलीत टाकू नका.

कीबोर्डवर विंडोज की कुठे आहे?

कमांड म्हणजे विंडोज, ऑप्शन म्हणजे ऑल्ट. पुढचं अक्षर खोडायला एफएन दाबून डिलीट. ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी टिचकी म्हणजे राइट-क्लिक. खेळांसाठी मात्र माउस घ्याच.

विंडोजच्या हार्ड डिस्कवर मॅकमधून फाइल का ठेवता येत नाही?

ती एनटीएफएस पद्धतीची आहे; मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी असेल तर एक्सफॅट करा. तसं करताना डिस्क पूर्ण पुसली जाते, आधी फाइल बाहेर काढा.

रोझेटा बंद होणार म्हणतात. मग हे सगळं थांबेल का?

काळजी रास्त आहे. रोझेटा २ हा इंटेलचे प्रोग्रॅम एम चिपवर चालवणारा ॲपलचा भाषांतरकार, आणि एम मालिकेवर वाइन व क्रॉसओव्हर त्याच्या खांद्यावर उभे आहेत. मॅकओएस २७ पर्यंत तो पूर्ण राहील आणि त्यानंतर काही जुन्या खेळांपुरता भाग ठेवू, असं ॲपलने सांगितलं आहे. व्हर्च्युअल मशीनमधल्या आर्म विंडोजचं भाषांतर त्याचं स्वतःचं असतं, त्याचा रोझेटाशी संबंध नाही. म्हणून ज्या सॉफ्टवेअरवर पोट आहे ते व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. क्रॉसओव्हरमध्ये सगळं नीट चालत असेल तर मॅकओएसची नवी मोठी आवृत्ती आल्या दिवशी घेऊ नका.

टाइम मशीनचा बॅकअप अचानक भरमसाट मोठा का झाला?

विंडोजची व्हर्च्युअल डिस्क म्हणजे मॅकच्या दृष्टीने थोड्याच, पण प्रचंड फाइली. विंडोज नुसतं उघडून बंद केलं तरी त्या बदलतात आणि पुन्हा बॅकअपमध्ये जातात. व्हर्च्युअल मशीन टाइम मशीनमधून वगळा आणि विंडोज बंद करून तिची प्रत महिन्याला बाहेरच्या डिस्कवर टाका.

नको असेल तर काढून कसं टाकायचं?

बूट कॅम्पचा भाग बूट कॅम्प असिस्टंटमधूनच काढा, डिस्क युटिलिटीतून नको. नाहीतर ती जागा मॅकला परत जोडताना घोळ होतो. व्हर्च्युअल मशीन त्या त्या ॲपमधून डिलीट करा.

बाटली डिलीट करायला मात्र एक क्षण लागतो, आणि तिथे मी एकदा फार हळहळलो आहे. खेळ अडखळत होता म्हणून जुनी बाटली काढून नवी केली. नवी छान चालली, पण मुख्य पडद्यावर ‘पुढे चालू’ हे बटणच नव्हतं. चाळीसेक तासांचा खेळ जुन्या बाटलीत होता आणि त्या खेळाला क्लाउड सेव्ह नव्हतं. म्हणून डिलीट करण्याआधी ‘ड्राइव्ह_सी’मध्ये ‘युजर्स’ उघडा, तुमच्या नावाच्या फोल्डरमधलं ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि ‘ॲपडेटा’ पाहा, खेळाच्या किंवा तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं फोल्डर दिसेल ते डेस्कटॉपवर काढून ठेवा. नव्या बाटलीत त्याच जागी ते परत टाकलं की खेळ जिथे सोडला होता तिथून सुरू होतो.